लीग जिंकली, तरी गाडं अडलेलंच: लोकोमोटिव्ह लाइपझिगची गोष्ट

1 जून 2025 रोजी जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये फुटबॉलचा नव्वद मिनिटांचा खेळ संपला तेव्हा गोलफलक कोरा होता. त्याआधी परक्या मैदानावर झालेला सामना 1-1 असा सुटला होता, म्हणजे दोन सामने होऊनही निकाल लागलेला नव्हता. मग जादा वेळेत पाहुण्या टीएसव्ही हावेल्झेने तीन गोल केले आणि 1. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिगचा हंगाम तिथेच आटोपला. हावेल्झे हा हॅनोव्हरजवळच्या गार्ब्सेन गावातला छोटा क्लब. तो वरच्या लीगमध्ये गेला, लोकोमोटिव्ह होता तिथेच राहिला.

हरला तो खाली राहिला, एवढंच असतं तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण लोकोमोटिव्ह हा त्या हंगामात आपल्या लीगचा विजेता होता. वर्षभर खेळून, बाकी सगळ्यांना मागे टाकून तो पहिला आला होता, आणि तरीही पुढच्या वर्षी त्याला त्याच लीगमध्ये त्याच गावांच्या फेऱ्या मारायच्या होत्या. हे त्याच्या बाबतीत दुसऱ्यांदा घडलं. 2020 मध्येही तो विजेता ठरला होता आणि तेव्हाही वर गेला नव्हता.

आपल्याकडे आयपीएलमध्ये कुणी तळाला गेलं म्हणून बाहेर फेकलं जात नाही. युरोपात मात्र ‘जिंकाल तर वर जाल, हराल तर खाली याल’ हा सोपा न्याय असतो, असं आपण ऐकलेलं असतं. जर्मनीत चौथ्या पायरीवर हा न्याय पुरता लागू नाही. का नाही, हे समजून घ्यायला लोकोमोटिव्हइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही, कारण या क्लबचं नशीब मैदानापेक्षा टेबलावरच जास्त वेळा ठरलं आहे.

आधी उतरंड समजून घेऊ

जर्मन फुटबॉलच्या डोक्यावर बुंडेसलीगा आहे. तिच्यात 18 संघ. तिच्याखाली दुसरी बुंडेसलीगा, तिच्यातही 18. मग 2008 पासून सुरू झालेली तिसरी लीग, 20 संघांची. इथपर्यंत प्रत्येक पायरीवर देशभरासाठी एकच लीग असते. म्युनिकचा संघ रोस्टोकला जातो, रोस्टोकचा म्युनिकला येतो.

चौथ्या पायरीपासून वाटा फुटतात. तिला रेगिओनाललीगा म्हणतात, म्हणजे विभागीय लीग. 2012 पासून तिचे पाच गट आहेत: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैऋत्य आणि बव्हेरिया. लोकोमोटिव्ह ईशान्य गटात खेळतो. या गटात मुख्यतः पूर्वीचा पूर्व जर्मनी आणि सगळं बर्लिन येतं. पाचव्या पायरीवर गट आणखी वाढतात, आणि त्याखाली राज्य, जिल्हा, तालुका असं करत उतरंड पार गावातल्या मैदानापर्यंत पोचते. तळाच्या लीगमध्ये खेळाडू दिवसभर कामाला जातात आणि संध्याकाळी सरावाला येतात. तरी कागदोपत्री तिथून बुंडेसलीगापर्यंत एक सलग वाट आहे.

गट पाच, जागा चार

तिसऱ्या लीगमधून दरवर्षी चार संघ खाली येतात, म्हणून खालून चारच वर जाऊ शकतात. खाली मात्र विजेते पाच. एकाला घरी बसावंच लागणार.

यावर काढलेला तोडगा असा: पश्चिम आणि नैऋत्य या दोन गटांचे विजेते दरवर्षी थेट वर जातात. त्यांना हा मान मिळतो, कारण त्या भागांत क्लब आणि संघ यांची संख्या जास्त आहे. उरलेल्या तीन गटांत तिसरी थेट जागा पाळीपाळीने फिरते. आणि ज्या दोघांची त्या वर्षी पाळी नसते, त्यांचे विजेते चौथ्या जागेसाठी एकमेकांशी दोन सामने खेळतात, एक इथे आणि एक तिथे. यालाच प्लेऑफ म्हणायचं. 2024-25 मध्ये थेट जागेची पाळी बव्हेरियाची होती. साहजिकच उत्तरेचा विजेता हावेल्झे आणि ईशान्येचा विजेता लोकोमोटिव्ह समोरासमोर आले. पुढचं वर सांगितलंच आहे.

वर्षभराची कमाई अशी दोन संध्याकाळींवर पणाला लावायची, हे पाहणाऱ्याला थरारक वाटतं. क्लबच्या खजिनदाराला विचारा. वर गेलो तर टीव्हीचा पैसा, मोठे प्रायोजक, पूर्ण वेळ व्यावसायिक संघ. नाही गेलो तर त्याच उत्पन्नात पुन्हा नवा संघ बांधायचा, कारण चांगले खेळाडू तोवर दुसरीकडे गेलेले असतात. अंदाजपत्रक मांडायचं कसं, हे जूनपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं.

2020 चा प्रसंग तर याहून विचित्र. कोरोनामुळे लीग मध्येच थांबली. सगळ्यांचे सामने सारखे झालेले नव्हते. बर्लिनच्या आल्टग्लीनिकेचे गुण लोकोमोटिव्हपेक्षा जास्त होते, पण त्याचे सामनेही जास्त झाले होते. मग प्रत्येक सामन्यामागची सरासरी काढली, आणि दशांश चिन्हापुढच्या फरकाने लोकोमोटिव्ह विजेता ठरला. पश्चिम गटाला तेव्हा अजून कायमची थेट जागा नव्हती, त्यामुळे प्लेऑफमध्ये पश्चिमेकडच्या फेर्लशी गाठ पडली. लाइपझिगमध्ये 2-2, परतीचा सामना 1-1. दोन्हीकडे बरोबरी, लोकोमोटिव्ह एकही सामना हरला नाही. पण परक्या मैदानावर केलेल्या गोलांना जास्त वजन देण्याचा नियम तेव्हा लागू होता, आणि फेर्लने लाइपझिगमध्ये दोन केले होते. फेर्ल वर गेला. ज्या हिशेबाने विजेतेपद मिळालं, तशाच एका हिशेबाने ते निरुपयोगीही ठरलं.

हा क्लब आहे तरी कुणाचा?

पुढच्या इतिहासात हा क्लब अनेकदा मरतो आणि अनेकदा जन्मतो. ते कसं शक्य झालं हे कळायला जर्मन क्लबची घडण माहीत हवी.

तिथला क्लब मुळात कंपनी नसते, नोंदणीकृत संस्था असते. आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीसारखी. सभासद वर्गणी भरतात, वार्षिक सभेला येतात, तावातावाने भांडतात, कार्यकारिणी निवडून देतात किंवा पाडतात. एका सभासदाला एक मत, मग तो कारखानदार असो की ट्रामचालक. संस्थेत कुणाचे शेअर नसतात, त्यामुळे ती विकत घ्यायची म्हटली तरी घ्यायचं काय, हा प्रश्न येतो.

1998 मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेने, म्हणजे डीएफबीने, व्यावसायिक संघ वेगळ्या कंपनीत ठेवायला परवानगी दिली, पण एक अट घातली: त्या कंपनीतली निम्म्याहून किमान एक जास्त मतं मूळ संस्थेकडेच राहिली पाहिजेत. या अटीला तिकडे ‘पन्नास अधिक एक’ म्हणतात. लेव्हरकुसेनची बायर कंपनी आणि वोल्फ्सबुर्गची फोल्क्सवागन यांना जुन्या संबंधांमुळे सूट मिळाली आहे, बाकीच्यांनी ही अट पाळायची.

लोकोमोटिव्हच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की संघ बुडाला, पैसा संपला, नाव गेलं, तरी सभासद जोवर एकत्र येऊन नवी नोंदणी करू शकतात तोवर खेळ संपत नाही.

1903: एक खोटी तार आणि पहिला विजेता

या क्लबची मुळं 1893 पर्यंत जातात. तेव्हाचं नाव वेगळं होतं, आणि थोड्याच वर्षांत विलीनीकरणातून व्हीएफबी लाइपझिग हा क्लब उभा राहिला. लाइपझिग त्या काळात फुटबॉलचं खेडं नव्हतं, राजधानीच म्हणा ना. डीएफबीची स्थापनाही 28 जानेवारी 1900 रोजी इथल्याच एका उपाहारगृहात झाली.

1903 मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. संघ आले सहा. त्यातही गमती झाल्या. कार्ल्सरुहेच्या संघाला सामना पुढे ढकलल्याची तार आली, म्हणून ते घरीच थांबले. तार खोटी होती. कुणी पाठवली ते कधीच उघड झालं नाही, कार्ल्सरुहेला मात्र बाद ठरवलं गेलं. त्यांचा प्रतिस्पर्धी डीएफसी प्राग एकही सामना न खेळता अंतिम फेरीत. आता प्राग जर्मनीत कुठून आलं, असं कुणी विचारेल. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आणि तिथल्या जर्मनभाषकांचा हा क्लब डीएफबीचा सभासद होता.

31 मे 1903 रोजी हॅम्बुर्गजवळच्या आल्टोनात अंतिम सामना झाला. मैदान म्हणजे लष्कराचं कवायतीचं कुरण. धड चेंडू मिळेपर्यंत सामना सुरू व्हायलाही उशीर झाला. सुरुवातीला प्राग पुढे होतं, पण शेवटी व्हीएफबीने 7-2 असा धुव्वा उडवला. जर्मनीच्या पहिल्या राष्ट्रीय विजेत्याचं नाव कुणी विचारलं तर उत्तर बायर्न म्युनिक नाही, डॉर्टमुंड नाही, हेच आहे. 1906 आणि 1913 मध्ये व्हीएफबीने पुन्हा अजिंक्यपद मिळवलं. 1922 मध्ये प्रोब्स्टहायडा या उपनगरात क्लबने स्वतःचं भलंमोठं स्टेडियम बांधलं. आज ते ब्रुनो प्लाखे यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि त्यातला लाकडी प्रेक्षकसज्जा 1932 पासूनचा आहे. लोकोमोटिव्ह अजून तिथेच खेळतो. जर्मनीतल्या चकचकीत स्टेडियमांची सवय झालेल्याला ते बघून धक्का बसेल.

1936 च्या मोसमातला जर्मन चषकही व्हीएफबीचाच. अंतिम सामना जानेवारी 1937 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये झाला, शाल्केविरुद्ध 2-1. शाल्के तेव्हा देशातला सगळ्यात दबदब्याचा संघ होता. चषकाला मात्र नाझी क्रीडाप्रमुखाचं नाव दिलेलं होतं.

युद्धानंतर क्लबच बरखास्त

जर्मनी हरल्यावर दोस्त राष्ट्रांनी नाझी काळातल्या सगळ्या क्रीडासंस्था बरखास्त केल्या. पश्चिमेकडच्या क्लबना लवकरच आपली जुनी नावं आणि रंग परत मिळाले. सोव्हिएत ताब्यातल्या भागात ते होऊ दिलं गेलं नाही. जुना क्लब म्हणजे जुन्या मध्यमवर्गाचा अड्डा, तो पुन्हा कशाला उभा करायचा, अशी नव्या राज्यकर्त्यांची धारणा.

त्याऐवजी पूर्व जर्मनीत खेळ उद्योगांना जोडला गेला. रेल्वेवाल्यांचे संघ लोकोमोटिव्ह, रसायन कारखान्यांचे केमी, युरेनियमच्या खाणींचे विस्मुट, पोलिसांचे आणि गुप्तहेर खात्याचे डायनॅमो, लष्कराचे फोरवेर्ट्स. गावाचं नाव तेवढं मागे लागायचं. संघांच्या जागा आणि खेळाडू कुठे जायचे, हे पक्षाचे आणि क्रीडा खात्याचे लोक ठरवत. प्रोब्स्टहायडाच्या संघाचं नाव त्या वीस वर्षांत इतक्या वेळा बदललं की सगळी यादी दिली तर तुम्ही इथेच वाचन थांबवाल. 1954 मध्ये तो रोटाट्सिओन लाइपझिग झाला, 1963 मध्ये एससी लाइपझिग.

1963 च्या बदलाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शहरातल्या दोन मोठ्या संघांतले उत्तम खेळाडू वेचून अधिकाऱ्यांनी एससी लाइपझिग हा संघ केला. त्याने मोठमोठ्या स्पर्धा जिंकाव्यात ही अपेक्षा. जे ‘कमी दर्जाचे’ ठरले त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, लॉइट्सश भागातल्या केमी लाइपझिगमध्ये पाठवलं. लोक त्यांना उरलासुरला लाइपझिग म्हणू लागले. प्रशिक्षक आल्फ्रेड कुन्त्सं यांनी त्याच उरल्यासुरल्यांना हाताशी धरलं आणि 1964 मध्ये केमी पूर्व जर्मनीचा विजेता झाला. वेचलेला संघ बघत राहिला. सरकारी निवड समितीची इतकी जाहीर फजिती फुटबॉलमध्ये क्वचितच झाली असेल. लाइपझिगच्या पिवळ्या-निळ्या (लोकोमोटिव्हच्या) आणि हिरव्या-पांढऱ्या (केमीच्या) चाहत्यांमधलं वैर आजही इतकं धगधगतं का, याचं बरंचसं उत्तर या एका हंगामात आहे. हल्ली दोन्ही क्लब एकाच चौथ्या पायरीवर खेळतात आणि त्यांच्या सामन्याला पोलिसांच्या गाड्यांची रांग लागते.

पुढे सरकारने निवडक शहरांत खास फुटबॉल क्लब काढले. त्यात 20 जानेवारी 1966 रोजी 1. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग जन्माला आला.

1987: अथेन्सपर्यंतचा प्रवास

लोकोमोटिव्ह पूर्व जर्मनीची लीग एकदाही जिंकू शकला नाही. चषक मात्र चार वेळा जिंकला: 1976, 1981, 1986 आणि 1987. युरोपात तर त्याने मोठमोठ्यांना दमवलं. 1973-74 च्या यूएफा चषकात तोरिनो, वुल्व्हरहॅम्प्टन, ड्युसेलडोर्फ आणि इप्सविच यांना घरी पाठवून तो उपांत्य फेरीत पोचला. तिथे टॉटनहॅमने रोखलं.

1986-87 मध्ये चषकविजेत्यांच्या युरोपियन स्पर्धेत उपांत्य फेरीला फ्रान्सचा बोर्दो होता. लोकोमोटिव्हने पहिला सामना तिकडे जाऊन 1-0 असा जिंकला. परतीच्या सामन्याला 22 एप्रिल 1987 रोजी लाइपझिगचं सेंट्रल स्टेडियम अक्षरशः फुटायला आलं. अधिकृत आकडा 73 हजारांचा, पण प्रत्यक्षात लाखाच्या वर माणसं होती असं मानलं जातं. बोर्दोने सुरुवातीलाच गोल केला आणि तो तसाच टिकला. मग पेनल्टी. गोलरक्षक रेने म्युलरने फटके अडवले, आणि निर्णायक पेनल्टी मारायला तो स्वतःच पुढे आला. चेंडू जाळ्यात. पेनल्टीवर 6-5.

13 मे रोजी अथेन्समध्ये अंतिम सामना नेदरलँड्सच्या आयॅक्सशी. आयॅक्सचा प्रशिक्षक योहान क्रायफ. मार्को फान बास्टनने एकविसाव्या मिनिटाला डोक्याने चेंडू आत ढकलला आणि 1-0 वरच सामना संपला. लाइपझिगच्या सामान्य प्रेक्षकाला देशाबाहेर, लोखंडी पडद्यापलीकडे मनात आलं म्हणून जाता येत नव्हतं. ज्यांनी सेंट्रल स्टेडियम भरलं, त्यांतल्या बहुतेकांनी तो सामना टीव्हीवर पाहिला.

भिंत पडली, मग अडचण कसली?

इथे एक रास्त शंका येते. देश एक झाला, बाजार खुला झाला, म्हणजे अशा क्लबला सुगीचे दिवस यायला हवे होते. नाही आले.

1991 मध्ये दोन्ही जर्मन्यांच्या लीग एकत्र केल्या. बुंडेसलीगात पूर्वेकडच्या फक्त दोन क्लबना जागा मिळाली, हान्झा रोस्टोक आणि डायनॅमो ड्रेस्डेन. पश्चिमेकडच्या एकाचीही जागा त्यासाठी गेली नाही. एका हंगामासाठी लीग वीस संघांची केली आणि नंतर पुन्हा अठरावर आणली. लोकोमोटिव्ह पात्रता फेरीतून दुसऱ्या बुंडेसलीगात आला. पूर्वेतले चांगले खेळाडू पश्चिमेतल्या क्लबनी भराभर उचलले. कारखाने बंद पडत होते, त्यांच्याबरोबर क्लबचा आधारही गेला. बेकारीने गांजलेल्या शहरात तिकिटं घेणार कोण?

क्लबने 1991 मध्ये व्हीएफबी लाइपझिग हे जुनं नाव पुन्हा घेतलं. साम्यवादी काळाचा शिक्का पुसायचा आणि 1903 च्या वैभवाशी नातं सांगायचं, असा विचार. 1993 मध्ये संघ खरोखर बुंडेसलीगात पोचला. एकच हंगाम टिकला: 34 सामन्यांत 3 विजय आणि शेवटचा क्रमांक. पुढची कहाणी भारतातल्या सहकारी संस्था बघितलेल्यांना ओळखीची वाटेल. ऐपतीबाहेरचा खर्च, कर्ज, 1998 मध्ये दुसऱ्या बुंडेसलीगातून घसरण, दिवाळखोरी, त्यातून कशीबशी सुटका, आणि 2004 मध्ये दुसरी दिवाळखोरी. या वेळी व्हीएफबीचा संघ मोडीत निघाला.

अकराव्या पायरीवर बारा हजार माणसं

चाहत्यांना हे आधीच दिसत होतं. 10 डिसेंबर 2003 रोजी त्यांच्यातल्या काही जणांनी एकत्र येऊन नवी संस्था नोंदवली आणि तिला 1. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग हे नाव दिलं. श्टेफेन कुबाल्ड हे अध्यक्ष झाले. नियम असा की नव्या क्लबने तळापासून सुरुवात करायची. म्हणून 2004 च्या हंगामात एकेकाळचा युरोपियन उपविजेता अकराव्या पायरीवर खेळायला उतरला. समोर आसपासच्या गावांचे दुसरे-तिसरे संघ.

आणि लोक आले. 9 ऑक्टोबर 2004 रोजी आइनट्राख्ट ग्रोसडॉयबेनच्या दुसऱ्या संघाशी सामना होता. तो विश्वचषकासाठी नव्याने बांधलेल्या सेंट्रल स्टेडियममध्ये खेळवला. प्रेक्षक 12,421. इतक्या खालच्या लीगच्या सामन्याला इतकी माणसं येण्याचा हा जागतिक विक्रम मानला जातो. लोकोमोटिव्ह 8-0 ने जिंकला. मला खरं कुतूहल आहे ते ग्रोसडॉयबेनच्या त्या अकरा जणांचं. एरवी ज्यांच्या सामन्याला घरचे लोक आणि दोन कुत्री हजर असतात, त्यांनी त्या गर्जनेत वॉर्मअप कसा केला असेल?

2005 मध्ये टोरगाऊच्या एका क्लबशी विलीनीकरण करून लोकोमोटिव्हने काही पायऱ्या एका दमात ओलांडल्या. पुन्हा कागदाचीच करामत, या वेळी फायद्याची. 2008 मध्ये पाचवी पायरी, 2012 मध्ये चौथी. 2014 मध्ये घसरण, 2016 मध्ये परत. तेव्हापासून तो इथेच आहे.

पण नवी संस्था जुन्याचे चषक आपले कसे म्हणू शकते?

कायद्याच्या काटेकोर भाषेत 2003 ची संस्था म्हणजे 1903 ची नव्हे. पण तोच नियम लावला तर 1946 नंतरचं, 1963 नंतरचं आणि 1966 नंतरचंही काही एकसंध राहत नाही. सातत्य होतं ते मैदानाचं, रंगांचं आणि दर शनिवारी तिथे येणाऱ्या माणसांचं. व्हीएफबीची दिवाळखोरीची प्रक्रिया उरकल्यावर जुनी संस्था नव्या संस्थेत रीतसर विलीन करून घेण्यासाठी सभासदांनी बरीच वर्षं खटपट केली, ती यामुळेच. मला त्यांचा दावा पटतो. पटत नसेल त्यांनी केमीच्या चाहत्यांना भेटावं, तिथे प्रतिवाद तयार मिळेल.

एखादा धनाढ्य मालक आणला असता तर?

हा प्रयोग त्याच शहरात झालाय. 2009 मध्ये रेड बुल या पेय कंपनीने शेजारच्या मार्क्रानश्टेटच्या क्लबकडून पाचव्या पायरीवरची जागा घेतली आणि आरबी लाइपझिग उभा केला. सात वर्षांत तो बुंडेसलीगात होता, पुढे जर्मन चषकही दोनदा जिंकला. लोकोमोटिव्हने 1987 मध्ये जिथे बोर्दोला हरवलं, त्या जागी उभं राहिलेलं स्टेडियम आता रेड बुलच्या नावाने ओळखलं जातं.

मग पन्नास अधिक एकचं काय झालं? तिथे संस्था आहे, सभासदही आहेत, पण मताचा हक्क असलेले सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठेवले गेले, तेही बहुतांश कंपनीच्या जवळचे. नियमाचं अक्षर पाळलं, हेतू बाजूला राहिला. म्हणूनच जर्मनीभर चाहते या क्लबच्या नावाने बोटं मोडतात. मात्र लाइपझिगमध्ये हजारो कुटुंबं आनंदाने त्याचे सामने बघायला जातात, हेही तितकंच खरं. अनेक वर्षं मोठ्या फुटबॉलला मुकलेल्या शहराला त्याने बुंडेसलीगा दिली. आणि एक बारकावा: 2012-13 मध्ये आरबी आणि लोकोमोटिव्ह याच ईशान्य गटात होते. आरबी पहिला आला, आणि त्यालाही प्लेऑफ खेळूनच वर जावं लागलं.

चाहत्यांचा क्लब म्हणजे सगळं गोडगोड?

अजिबात नाही. लोकोमोटिव्हच्या प्रेक्षकांत हुल्लडबाजांचा आणि अतिउजव्यांचा एक गट दीर्घ काळ होता आणि त्याने क्लबची अब्रू घालवली. 2006 मध्ये युवा संघांच्या सामन्यात काही प्रेक्षकांनी उभं राहून मानवी स्वस्तिकाची, म्हणजे नाझी चिन्हाची, आकृती केली. 10 फेब्रुवारी 2007 रोजी आऊएच्या दुसऱ्या संघाविरुद्धच्या चषक सामन्यानंतर शेकडो लोकांनी पोलिसांवर हल्ला केला. अनेक पोलीस जखमी झाले, आणि पुढच्या शनिवार-रविवारचे सॅक्सनीतले सगळे सामने राज्य संघटनेने रद्द केले. एका क्लबच्या गुंडांपायी गावोगावच्या पोरांचे सामनेही गेले. क्लबने नंतर बंदी, हमी, चाहत्यांसोबत काम असे उपाय केले. पण सभासदांच्या हाती सत्ता म्हणजे त्यांतल्या वाईट माणसांची जबाबदारीही आलीच, ती वर ढकलायला मालक नसतो.

त्याच चाहत्यांनी 2020 च्या टाळेबंदीत वेगळंच काही केलं. तिकीटविक्री थांबली, क्लब अडचणीत आला. तेव्हा क्लबने 8 मे रोजी अदृश्य प्रतिस्पर्ध्याशी एक न होणारा सामना जाहीर केला, तिकीट 1 युरो. दीड लाखांहून अधिक तिकिटं गेली. बोर्दोच्या सामन्याची गर्दी मागे टाकायची हे उद्दिष्ट होतं, आणि ते कागदावर का होईना, साधलं.

पाचाचे चार गट का करत नाहीत?

चार गट, चार विजेते, चार जागा. हिशेब शाळकरी पोरालाही सुटेल. ‘विजेता वर गेलाच पाहिजे’ अशी मोहीम ईशान्येच्या क्लबनी सुरू केली आणि इतर गटांतल्या बऱ्याच क्लबनी तिला पाठिंबा दिला. अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी.

गट चार करायचे तर एकाला मोडावं लागेल. बव्हेरियाचा गट एकाच राज्य संघटनेचा आहे, तिला तो सोडवत नाही. ईशान्य गट फोडून शेजाऱ्यांत वाटला तर पूर्वेकडच्या जुन्या लढती संपतात आणि तिथल्या क्लबना 1991 ची आठवण होते. शिवाय गट जितका मोठा तितका प्रवास लांबचा, आणि या लीगमध्ये असे छोटे क्लब आहेत ज्यांचे खेळाडू सोमवारी कामावर जातात. दुसरा उपाय म्हणजे तिसऱ्या लीगमधून पाच संघ खाली पाठवायचे. मग वीसपैकी पाच, म्हणजे चौथा हिस्सा दरवर्षी घसरणार. तिसऱ्या लीगचे क्लब स्वतःच्या गळ्याला असा फास लावून घ्यायला तयार नाहीत.

एक नवी कल्पना चर्चेत आहे ती अशी की गटांच्या सीमा कायमच्या ठेवायच्याच नाहीत. चौथ्या पायरीवरचे सगळे क्लब संगणकात घालायचे आणि दरवर्षी अंतरं कमीत कमी होतील असे चार गट पाडायचे. प्रादेशिक संघटनांना हे रुचत नाही, कारण आपल्या भागाची लीग चालवण्याचा त्यांचा अधिकार त्यात जातो. क्लबच्या मतांपेक्षा या संघटनांची मतं डीएफबीच्या अधिवेशनात जास्त भरतात, आणि गाडं नेमकं तिथे रुतलंय.

तोवर पाळीचा नियम चालू आहे. त्या हिशेबाने 2026-27 च्या हंगामात थेट जागा ईशान्य गटाकडे येते. त्या वर्षी जो कुणी या गटात पहिला येईल, त्याला हावेल्झे किंवा फेर्लसारखं कुणी आडवं येणार नाही. म्हणजे प्रोब्स्टहायडात संघ बांधणाऱ्याने चांगला स्ट्रायकर कोण, याबरोबर कोणत्या वर्षी तो घ्यायचा, हेही बघायला हवं.